एकशे बाराचे बारा

दूध संस्थेत सभासदाचा नंबर एका आकड्याने चुकला की एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. बिल दहा दिवसांनी निघतं. तोवर कुठल्या पाळीला काय झालं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन गाई सांभाळणाऱ्या माणसाला एका पाळीचे पैसे कमी आले तर तो संस्थेत येऊन भांडतो, आणि त्याने भांडावंच. आमच्या कंपनीने संकलन केंद्रांसाठी बनवलेल्या पेटीबद्दल पहिली तक्रार आली ती अशाच भांडणातून. सचिवांचा फोन आला. "मॅडम, एकशे बारा दाबलं की नुसतं बाराच उमटतंय. आणि मधनंच एखादा आकडा धडाधडा पळत सुटतोय. मशिन बदलून द्या."

मशीन बदलून दिलं. नव्या मशीननेही तेच केलं.

पेटी तशी साधी. आत एआरएमचा ३२ बिटांचा प्रोसेसर, त्यावर लिनक्स. वजनकाटा आणि दुधाचं फॅट व एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) काढणारं यंत्र सीरियल केबलने जोडलेलं. सभासदाचा नंबर टाकायला यूएसबीचा न्यूमेरिक कीपॅड, पावती छापायला थर्मल प्रिंटर आणि नोंदी तालुक्याच्या संघाकडे पाठवायला मोबाइल डोंगल. चिपवर यूएसबीचा होस्ट कंट्रोलर एकच, म्हणून बोर्डावर हबची चिप बसवून कीपॅड, प्रिंटर आणि डोंगल तिच्यामागे लावलेले. अशी मांडणी आमच्या धंद्यात सर्रास असते.

यूएसबीची तक्रार आली की पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यायचा, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. पाच व्होल्टची लाइन ऑसिलोस्कोपवर लावून पाहिली. डोंगल सिग्नल शोधताना भरपूर करंट ओढतं, तेव्हाही ती हलली नाही. केबल बदलली, कीपॅड बदलले. तोच कीपॅड लॅपटॉपला लावला की एकही आकडा गळत नसे. ऑफिसात टेबलावर पेटी दिवसभर बिनतक्रार चाले. मग केंद्रावर जाऊन उभं राहण्याला पर्याय नव्हता.

संध्याकाळची पाळी होती. किटल्या रांगेत ठेवून माणसं बाजूला बोलत उभी, आणि खिडकीत बसलेला मुलगा मान वर न करता काम करत होता. नंबर दाबला, दुधाचं वजन आलं, नमुना यंत्रात गेला, फॅट आणि एसएनएफ पडद्यावर उमटले, एंटर. प्रिंटरमधून पावती सरकू लागली. त्याच क्षणी पेटी ती नोंद फ्लॅशवर पक्की लिहिते आणि डोंगलवरून पुढे पाठवते. मुलगा पावतीकडे बघत नव्हता. ती निघत असतानाच त्याचं बोट पुढच्या सभासदाच्या नंबरावर पडलेलं असे. पडद्यावर नजर ठेवून मी तासभर उभी होते, आणि चुका होत होत्या त्या फक्त याच सेकंद-दोन सेकंदांत. रांग विरळ झाली, नंबर सावकाश पडू लागले, की चुका थांबल्या. घाई हा या दोषाचाच एक भाग होता, आणि तशी घाई ऑफिसातल्या टेबलावर कधीच नसते. तिथून निघताना मला कारण सापडलं नव्हतं, पण ते कुठे शोधायचं ते कळलं होतं: फ्लॅश आणि डोंगल दोन्ही कामात असताना कीपॅडचं काय होतं?

इथे यूएसबीच्या आत थोडं शिरावं लागेल. कीपॅड हे यूएसबीच्या सर्वांत मंद वर्गातलं उपकरण, सेकंदाला १५ लाख बिटांचं. यूएसबी २.० चा हाय स्पीड म्हणजे सेकंदाला ४८ कोटी बिट. होस्ट आणि हब यांच्यातली तार हाय स्पीडने चालते. एका कीपॅडसाठी ती अडवून ठेवली तर बाकी सगळं खोळंबेल. म्हणून २००० साली आलेल्या यूएसबी २.० मध्ये हबच्या पोटातच एक दुभाषी बसवला गेला, ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर नावाचा. होस्ट व्यवहाराचे दोन तुकडे करतो. आधी हबला सांगतो की कीपॅडला विचारून ठेव. हब कीपॅडशी त्याच्या मंद गतीने बोलतो. मधल्या वेळात तार मोकळी असते. मग होस्ट परत येऊन उत्तर घेऊन जातो. पहिला तुकडा स्टार्ट स्प्लिट, दुसरा कम्प्लीट स्प्लिट.

परत कधी यायचं हे ठरलेलं असतं. हाय स्पीड बसवर काळ १२५ मायक्रोसेकंदांच्या मायक्रोफ्रेममध्ये मोजतात. आठ मायक्रोफ्रेम म्हणजे एक मिलिसेकंद. कीपॅडचं उत्तर न्यायची मुदत जेमतेम दोन-तीन मायक्रोफ्रेमांची. ती टळली की हब ते उत्तर टाकून देतो. आणि खरं नुकसान पुढे आहे: कीपॅडच्या लेखी व्यवहार पुरा झालेला असतो. हबने त्याला पोच दिलेली असते, त्यामुळे तो तीच कळ पुन्हा सांगत नाही. पेन ड्राइव्हसारख्या उपकरणांच्या बल्क व्यवहारात असं होत नाही. तिथे हब उत्तर धरून ठेवतो, उशीर झाला तर नुसता उशीर होतो. गळतात ते वेळेशी बांधलेले व्यवहार, आणि माणसाच्या बोटाखालची उपकरणं नेमकी त्याच प्रकारात मोडतात.

लॅपटॉपवर ही अडचण का येत नाही? त्यातला कंट्रोलर ईएचसीआय किंवा एक्सएचसीआय जातीचा असतो. ईएचसीआयमध्ये ड्रायव्हर प्रत्येक एंडपॉइंटसाठी दोन मास्क लिहून ठेवतो: कुठल्या मायक्रोफ्रेममध्ये सुरुवात करायची आणि कुठल्या मायक्रोफ्रेममध्ये उत्तर न्यायचं. त्यापुढे ते वेळापत्रक हार्डवेअर स्वतः पाळतं, प्रोसेसर झोपलेला असला तरी. आमच्या चिपमधला कंट्रोलर होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही होऊ शकणारा, लहान जागेत बसवलेला; त्यात वेळापत्रक पाळणारा भागच नव्हता. मायक्रोफ्रेम सुरू झाली की तो इंटरप्ट देतो, सेकंदाला ८००० वेळा, आणि पुढचा तुकडा पाठवायचा की नाही हे प्रोसेसरने ठरवायचं. प्रोसेसर दर वेळी शंभरेक मायक्रोसेकंदांत हजर होईल असं लिनक्स कुठेही कबूल करत नाही. फ्लॅशचा ड्रायव्हर, डोंगलचा ड्रायव्हर, कर्नलमधला कुठलाही भाग थोडा वेळ इंटरप्ट बंद ठेवू शकतो, आणि दोन-तीनशे मायक्रोसेकंदांबद्दल कर्नलमध्ये कुणी तक्रार करत नाही. कीपॅडसाठी मात्र तेवढ्यात मुदत संपलेली असते.

तर्क जुळत होता, पण तर्कावर होस्ट कंट्रोलरच्या ड्रायव्हरला हात लावायला मी तयार नव्हते. लिनक्समध्ये यूएसबीमॉन नावाचं साधन आहे. ते कर्नल आणि कंट्रोलरचा ड्रायव्हर यांच्यातली देवाणघेवाण टिपतं. त्यात दिसलं ते इतकंच, की गळलेल्या आकड्याचा रिपोर्ट आलाच नाही. तो का आला नाही हे तिथे दिसणं शक्य नव्हतं, कारण स्प्लिटचे तुकडे त्या पातळीच्या खाली घडतात. त्यासाठी बस अ‍ॅनलायझर लागतो. महागडं यंत्र, आम्ही भाड्याने आणलं. बोर्डावरच्या हबऐवजी त्याच चिपचा सुटा हब घेतला आणि कंट्रोलर व हब यांच्या मधल्या तारेत अ‍ॅनलायझर बसवला.

कीपॅडचा रिपोर्ट आठ बाइटचा असतो. पहिला बाइट शिफ्ट, कंट्रोल वगैरेंसाठी, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या कळा. कीपॅडवरचा १ म्हणजे हेक्स ५९, २ म्हणजे ५ए. कळ दाबली की ५९ असलेला एक रिपोर्ट, सोडली की सगळी शून्यं असलेला दुसरा. फ्लॅशवर जोरात लिखाण सुरू केलं, डोंगलवरून फाइल पाठवायला लावली आणि माझा सहकारी शांतपणे ११२, ११२ दाबत बसला. आकडा गळला तिथे रेकॉर्डिंग थांबवून मागे गेलो. स्टार्ट स्प्लिट जागच्या जागी होता. त्यानंतरच्या ज्या मायक्रोफ्रेममध्ये कम्प्लीट स्प्लिट असायला हवे होते त्या रिकाम्या. कम्प्लीट स्प्लिट आला तो मुदत टळल्यावर, आणि तेव्हा हबकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

११२ मधल्या दोन एकांपैकी एकाचा 'दाबली' रिपोर्ट असा गेला की १२ उरतात. 'सोडली' हा रिपोर्ट गेला तर कर्नलच्या लेखी कळ अजून दाबलेलीच असते. पाव सेकंदाने ऑटोरिपीट सुरू होतं आणि आकडा पळत सुटतो. सचिवांनी फोनवर सांगितलेल्या दोन्ही तक्रारी शब्दशः खऱ्या होत्या, आणि दोन्हींचं मूळ एकच होतं. या कामात इतका आनंद मला क्वचित झाला आहे.

सगळे ट्रेस चिप बनवणाऱ्या कंपनीला पाठवले. उत्तर सभ्य होतं. कंट्रोलर आराखड्याप्रमाणेच चालतो आहे, ही त्याची मर्यादा आहे, दोष नव्हे. पुढच्या पिढीच्या चिपमध्ये कंट्रोलर वेगळा आहे. चिपमधल्या ज्ञात उणिवांचा एक कागद असतो, त्याला एराटा म्हणतात. तो आम्हाला गुप्ततेच्या करारावर सही केल्यावर मिळाला, आणि त्यात या विषयावर एकच ओळ होती. 'हबमागे कीपॅड लावाल तर कळा गळतील' हा अर्थ त्या ओळीतून काढणं बोर्ड आखणाऱ्याला शक्यच नव्हतं.

माझा राग अजून गेलेला नाही. चिपमध्ये उणीव राहते हे मी समजू शकते. सिलिकॉन एकदा बनलं की ते बदलायचं म्हणजे नवे मास्क, नव्या चाचण्या, पुष्कळ महिने आणि पुष्कळ पैसा. 'दुरुस्ती होणार नाही' असा शेरा प्रत्येक एराटामध्ये असतो आणि तो प्रामाणिक असतो. पण उणीव नेमकी कुठे आहे, कुठल्या परिस्थितीत बाहेर येते, हे कुलपात ठेवण्याला काहीही कारण नाही. त्याने स्पर्धकाचा तोटा होत नाही, फक्त चिप वापरणाऱ्याचा होतो, आणि त्याच्याही पुढे, चिप म्हणजे काय हे ज्याला ठाऊक असण्याची गरज नाही अशा माणसाचा होतो. त्या संध्याकाळी रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी नावावर कमी दूध लागलं ते या एका ओळीपायी.

उपायांची चर्चा सुरू झाली तेव्हा पहिली सूचना अशी आली की पडद्यावर सभासदाचं नाव मोठं दाखवा आणि ऑपरेटरने खात्री करून पुन्हा एंटर दाबावं. नाव दाखवायची सोय आम्ही केली. ती मुळातच हवी होती. पण तेवढ्यावर थांबायला मी ठाम विरोध केला. हार्डवेअरने न केलेलं काम त्या मुलाच्या बोटावर ढकलायचं, तेही प्रत्येक किटलीमागे, हे मला मान्य नव्हतं. शिवाय खात्रीची ती जादा कळ त्याच कीपॅडवरून, त्याच हबमधून येणार होती.

केंद्रं चालू होती, म्हणून ताबडतोब काहीतरी पाठवायला हवं होतं. ते सापडलं ड्रायव्हरच्या एका पॅरामीटरमध्ये: कंट्रोलरला हाय स्पीड वापरूच द्यायचा नाही. होस्ट फुल स्पीडवर, म्हणजे सेकंदाला १ कोटी २० लाख बिटांवर, चालू लागला की हबही त्याच वेगावर उतरतो. मग दुभाष्याचं काम उरत नाही आणि स्प्लिटही उरत नाहीत. कीपॅडशी व्यवहार एका तुकड्यात होतो. प्रोसेसर उशिरा आला तर कीपॅड आपला रिपोर्ट धरून बसतो. किंमत ही, की डोंगलही त्याच वेगावर येतं. दुधाच्या नोंदीला काही शे बाइट पुरतात, त्यामुळे केंद्राला फरक जाणवला नाही. पेन ड्राइव्हवरून पेटीचं सॉफ्टवेअर बदलणाऱ्या आमच्या माणसांना जाणवला. मला हा उपाय मनापासून आवडतो. दोष ज्या भागात आहे त्या भागात पाऊलच टाकायचं नाही. त्यात चतुराई फारशी नाही आणि म्हणून बिघडण्यासारखंही फारसं काही नाही. जुन्या पेट्या आजही त्याच पॅरामीटरवर चालतात. पुढे चांगला ड्रायव्हर हाती आला तरी त्या पेट्यांना आम्ही हात लावला नाही.

नव्या पेट्यांत मात्र हा उपाय पुरणार नव्हता. शीतकरण केंद्रावर टँकरचं सील टिपायला यूएसबी कॅमेरा जोडायचा होता, आणि कॅमेऱ्याला हाय स्पीड लागतोच. आता स्प्लिट वेळेवर पाठवण्याला पर्याय नव्हता.

इथे आमच्या आधी याच वाटेने गेलेल्यांचा उपयोग झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय बाजारात आलं, त्यातल्या ब्रॉडकॉमच्या बीसीएम२८३५ चिपमध्ये सिनॉप्सिसच्या आराखड्याचा ओटीजी, म्हणजे होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही होऊ शकणारा, कंट्रोलर होता. स्प्लिटचं वेळापत्रक तिथेही सॉफ्टवेअरच्या माथी. मॉडेल बी वर इथरनेट आणि यूएसबी पोर्ट देणाऱ्या चिपमध्ये हब असल्यामुळे लोकांचे कीबोर्ड आपोआप हबमागे गेले, आणि गळणाऱ्या कळा, पुन्हा पुन्हा उमटणारी अक्षरं हे सगळं जगभरच्या लोकांनी अनुभवलं. रास्पबेरी पायच्या अभियंत्यांनी त्यावर काढलेला मार्ग मला या क्षेत्रातल्या सुंदर कामांपैकी एक वाटतो.

३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरला इंटरप्टच्या दोन वाटा असतात: नेहमीची आयआरक्यू आणि जलद एफआयक्यू. एफआयक्यूला आर८ ते आर१४ ही रजिस्टरं स्वतःची मिळतात, त्यामुळे आत शिरताना जपून ठेवण्यासारखं थोडंच असतं. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. लिनक्स 'इंटरप्ट बंद' म्हणतो तेव्हा तो फक्त आयआरक्यू बंद करतो. एफआयक्यू उघडीच राहते, आणि लिनक्स ती सहसा वापरत नाही. म्हणजे फ्लॅशच्या ड्रायव्हरने दार लावून घेतलेलं असतानाही आत जाता येईल अशी एक वाट प्रोसेसरमध्ये पहिल्यापासून होती. त्यांनी स्प्लिटचं वेळापत्रक त्या वाटेवर नेलं आणि सगळा सोर्स वाचायला खुला ठेवला.

आम्ही तो ओळीओळीने वाचला. चिप वेगळी असल्यामुळे उचलून बसवणं शक्य नव्हतं. घ्यायची होती ती रीत. एफआयक्यूच्या आत असताना कर्नलमधलं जवळजवळ काहीच वापरता येत नाही. साधा स्पिनलॉक घ्यायला जावं, आणि तोच लॉक धरलेल्या कोडला एफआयक्यूने मध्येच थांबवलेलं असेल, तर यंत्र तिथेच कायमचं अडकतं. मेमरी मागायची नाही, लॉग छापायचा नाही, पेज फॉल्ट होईल अशा पत्त्याला हात लावायचा नाही. म्हणून प्रत्येक चॅनलसाठी आधीच राखलेल्या जागेत एक छोटी नोंद ठेवली: स्टार्ट स्प्लिट कुठल्या मायक्रोफ्रेममध्ये गेला, आता कुठल्या पायरीवर आहोत. एफआयक्यू येते, फ्रेम नंबरचं रजिस्टर वाचते, मुदत चालू असेल तर कम्प्लीट स्प्लिट सोडते. हब 'अजून नाही' म्हणाला तर पुढच्या मायक्रोफ्रेमला परत. उत्तर आलं की नोंदीवर खूण करून इंटरप्ट कंट्रोलरमधली एक रिकामी लाइन सॉफ्टवेअरने उठवायची. बाकीचं काम नेहमीचा ड्रायव्हर त्याच्या सवडीने करतो. एकही स्प्लिट बाकी नसेल तेव्हा मायक्रोफ्रेमचा इंटरप्ट बंद ठेवायचा, नाहीतर प्रोसेसर सेकंदाला ८००० वेळा उगाच उठतो. लिहायला हे चार वाक्यांत बसतं. प्रत्यक्षात या कोडमध्ये एक ओळ लिहायच्या आधी ती ओळ चालू असताना कोण कुठे थांबलेलं असू शकेल हे कागदावर मांडावं लागे, आणि मांडल्याशिवाय लिहायचं नाही असा आमचा नियमच झाला.

त्या काळात लिनक्सच्या यूएसबी फोल्डरमधले इतर ड्रायव्हरही मी खूप वाचले, कामापुरते आणि मग कामाशिवायही. ईएचसीआयच्या कोडमध्ये एक टीप आहे: फ्रीस्केलच्या काही प्रोसेसरांत पोर्टचा क्रमांक १ पासून मोजण्याऐवजी ० पासून मोजला जातो. आय.एमएक्स२८ मध्ये यूएसबीच्या रजिस्टरमध्ये लिहायचं तर साधी स्टोअर सूचना चालत नाही, एआरएमची एसडब्ल्यूपी सूचनाच वापरावी लागते. ही सूचना मुळात लॉकसाठी बनलेली, एका अखंड क्रियेत वाचणारी आणि लिहिणारी. त्याच घराण्यातल्या फायच्या (तारेवर प्रत्यक्ष सिग्नल सोडणाऱ्या भागाच्या) ड्रायव्हरमध्ये एक खूण आहे, झोपेतून उठल्यावर एसओएफ, म्हणजे फ्रेम सुरू झाल्याचा संकेत, फार लवकर सुटतो आणि त्यामुळे हाय स्पीड उपकरण तुटतं म्हणून. एनव्हिडियाच्या टेग्रासाठी डीएमएचे बफर ३२ बाइटच्या सीमेवर आणून ठेवणारा कोड आहे. एक्सएचसीआयच्या ड्रायव्हरमध्ये अशा खुणांसाठी राखलेले ३२ बिट संपले आणि २०१८ मध्ये ते ६४ करावे लागले.

डेव्हिड ब्राउनेल यांनी ईएचसीआय आणि ओएचसीआयचे ड्रायव्हर उभे केले. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर अ‍ॅलन स्टर्न यांनी ते सांभाळले. या माणसांच्या कोडमधल्या टिपा वाचताना मला वाटत आलं आहे की चिपच्या उणिवांबद्दलचं खरं ज्ञान इथेच साठलेलं आहे, सर्वांसमोर, कराराशिवाय. कुणीतरी एका विशिष्ट बोर्डवर आठवडेच्या आठवडे घालवले, कारण शोधलं आणि तीन ओळींत लिहून ठेवलं, म्हणून पुढच्याला ते आठवडे घालवावे लागले नाहीत. पाठ्यपुस्तकात यातलं काही नाही. आमच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मायक्रोकंट्रोलर शिकवतात, लिनक्स शिकवतात, पण चिपच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आणि चिप करते ते वेगळं असू शकतं, आणि तो फरक मोजून काढायचा असतो, हे शिकवायला कुणी बसत नाही. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी पहिला आठवडा एराटा वाचायला देते, मॅन्युअल त्यानंतर.

ड्रायव्हर तपासायला बोटांवर भरवसा ठेवून चालणार नव्हतं. एटीटायनी८५ नावाचा आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर आहे. त्याच्यासाठी व्ही-यूएसबी ही लायब्ररी लो स्पीड यूएसबी निव्वळ सॉफ्टवेअरमधून बोलते. त्याचा आम्ही कीपॅड बनवला. तो चढत्या क्रमाने आकडे टाइप करत राहतो, आणि पेटीवरचा एक प्रोग्राम क्रम तुटला का ते बघतो. बरोबर फ्लॅशवर लिखाण, डोंगलवर वाहतूक, कॅमेरा, आणि मुद्दाम लिहिलेलं एक कर्नल मॉड्यूल, ज्याचं काम आयआरक्यू थोडा थोडा जास्त वेळ बंद ठेवणं एवढंच. जुन्या ड्रायव्हरवर चहा संपायच्या आत क्रम तुटायचा. एफआयक्यूवाल्या ड्रायव्हरवर पेटी रात्रभर ठेवली, सकाळी क्रम अखंड होता. मग मॉड्यूलचा वेळ वाढवत नेला, इतका की पडदा अडखळू लागला, प्रिंटर थांबून थांबून छापू लागला; आकडे सगळे येत राहिले. अ‍ॅनलायझर पुन्हा भाड्याने आणून तारेवरही बघितलं, कारण 'आता होत नाही' आणि 'का होत नाही ते माहीत आहे' यांत मी फरक मानते. कम्प्लीट स्प्लिट आपापल्या मायक्रोफ्रेममध्ये होते.

ड्रायव्हरमध्ये त्या कोडच्या वर आम्ही मोठी टीप लिहिली आहे. चिपची कुठली आवृत्ती, कंट्रोलर काय करत नाही, कुठल्या परिस्थितीत त्याचा त्रास होतो, हा कोड काय करतो, कशाने तपासायचा आणि कुठल्या चिपवर तो काढून टाकायचा. पहिल्या परिच्छेदात सचिवांचं वाक्य आहे, ११२ दाबलं की १२ उमटतं म्हणून, कारण पुढच्या माणसाकडे तक्रार त्याच शब्दांत येणार आहे. एराटामधली भाषा कुठलाही सचिव फोनवर बोलणार नाही.

सध्या टेबलावर पुढच्या पिढीचा बोर्ड आहे. त्यात एक्सएचसीआय कंट्रोलर आहे, स्प्लिट तो स्वतः सांभाळतो, आणि एटीटायनीच्या कीपॅडचा क्रम पहिल्या रात्रीपासून अखंड आहे. एफआयक्यूचा कोड या बोर्डासाठी बिल्डमधून काढला. पण सुपरस्पीडच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, दोन डिस्क एकाच वेळी जोरात वाचायला लावल्या की काही तासांनी कंट्रोलर हुकूम ऐकेनासा होतो आणि कर्नल त्याला मेलेला समजून सगळी उपकरणं सोडून देतो. याच जातीच्या कंट्रोलरसाठी डिव्हाइस ट्रीमध्ये सुपरस्पीडचा पार्क मोड बंद करणारी खूण लिनक्समध्ये आधीच आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी बोर्डावर हेच झालं होतं. ती खूण लावून दोन्ही डिस्क काल संध्याकाळपासून चालू ठेवल्या आहेत. नुसतं चालणं पुरेसं नाही, म्हणून खूण काढून कंट्रोलर पुन्हा त्याच जागी अडकतो का हेही बघणार आहे. चिपवाल्यांना पत्र पाठवलं आहे, आणि त्यात पहिलीच मागणी आहे ती एराटा करारावाचून छापण्याची.